दातदुखीचा रकाना

त्या गुरुवारी माझ्या धाकट्या भावाचा चौथा दात काढायचा होता, आणि रांगेत मधे घुसवून त्याला पहिला नंबर मीच मिळवून दिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यावीशी वाटली तर जरा दमाने घ्याल.

मी दातांच्या मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं झाली. आलेल्याचं नाव-वय लिहायचं, काय होतंय ते विचारायचं, चिठ्ठी हातात द्यायची आणि कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. इतकी वर्षं एकच काम केलं की विचारायची गरजच नाही असं वाटायला लागतं. गालाला रुमाल लावून आला म्हणजे दात. ओठ न मिटता बोलतोय म्हणजे तोंड आलंय. कानाखाली बोटं दाबत जांभई अर्ध्यावर गिळतोय तो जबड्याच्या सांध्याचा. वरच्या मजल्यावरची मंडळी मला 'एक्स-रे' म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पाच महिन्यांपूर्वी संशोधन विभागात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. बोलताना सारखं शेकडा इतके आणि शेकडा तितके, म्हणून आम्ही त्यांना टक्केबाई म्हणायला लागलो. तोंड किंवा चेहरा दुखतो म्हणून येणाऱ्यांत कुठलं दुखणं किती जणांना असतं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी एक छापील फॉर्म आला. वर सहा रकाने: दात, हिरड्या, तोंडातले फोड, जबड्याचा सांधा, चेहऱ्याची नस आणि इतर. खाली अकरा प्रश्न. थंड-गरम लागतं का, रात्री ठणकतं का, कळ किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, असले. सगळे प्रश्न विचारून झाले की मगच वर रकान्यात खूण करायची, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. फॉर्म चिठ्ठीला जोडून डॉक्टरांकडे जायचा आणि संध्याकाळी टक्केबाईंच्या टेबलावर.

सकाळी माझ्या खिडकीसमोर दीडशे माणसं असतात. प्रत्येकाला अकरा प्रश्न विचारत बसले असते तर रांग रस्त्यावर गेली असती. मग मी माझी पद्धत काढली. माणूस समोर आला की आधी रकान्यात खूण, आणि मग त्या खुणेला शोभतील अशी अकरा उत्तरं. दात म्हटलं की थंड-गरम लागतं, हो. रात्री ठणकतं, हो. दाबलं की दुखतं, हो. हात असा काही बसला होता की नाव-पत्ता विचारता विचारता फॉर्म पुरा व्हायचा. यात कुणाचं काही बिघडत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. नुसती मोजणी तर आहे, असं मी म्हणायची.

आता भावाचं सांगते. तो एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लहानपणी घरात सगळे त्याला पिपाणी म्हणायचे, आणि आता पंचेचाळिशी उलटली तरी तो पिपाणीच आहे. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दोन दात वाद्याच्या टोकावर टेकवावे लागतात. त्यातला एक गेला की सूर धरता येत नाही, आणि नकली दात बसवून पूर्वीसारखं वाजवता येईल याची हमी त्याला कुणी दिली नव्हती. दुसरं कुठलंच काम त्याला येत नाही. त्याचं घर त्या दोन दातांवर चालतं म्हटलं तरी चालेल.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या गालात वरच्या अंगाला कळा सुरू झाल्या. रुमाल लावून खिडकीशी आला. मी लांबूनच बघितलं आणि दातावर खूण केली. "अगं ताई, जरा वेगळंच..." असं काहीतरी तो म्हणत होता, तोवर मी चिठ्ठी त्याच्या हातात कोंबून त्याला वर पिटाळलं सुद्धा. मागची दाढ जुनी भरलेली होती, ती काढली. आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मग तिच्या शेजारची काढली, मग तिसरी. दर वेळी डॉक्टर वेगळा, दर वेळी चिठ्ठीला माझा फॉर्म जोडलेला, आणि पिपाणी स्वतःच बोट ठेवून दाखवायचा की इथे दुखतंय. आता ते बोट पुढच्या दातावर आलं होतं. भावजयीने रडून रडून सांगितलं की एवढा एक दात नको. तो म्हणाला, वाजवणं गेलं तरी चालेल, हे दुखणं जाऊ दे. त्यावर मी काय केलं, तर थोरल्या बहिणीने करायचं ते केलं. बिचाऱ्याला ताटकळावं लागू नये म्हणून पहिला नंबर लावून दिला.

साडेनऊला तो तिसऱ्या मजल्यावर गेला. दहाच्या सुमाराला टक्केबाई काखेत फॉर्मचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर रांगेत कुरकुर सुरू झाली. बाई हळू आवाजात बोलत होत्या, आणि मला त्याचाच जास्त राग आला. त्या म्हणाल्या, सगळ्या महिन्यांतून थोडे थोडे निवडलेल्या सहाशे फॉर्ममध्ये शेकडा अठ्ठ्याऐंशी दातदुखी आहे. दातच सगळ्यांत जास्त असणार हे मलाही माहीत आहे, पण इतके नाहीत. जबड्याच्या सांध्याचे सगळे मिळून फक्त पंधरा जण. चेहऱ्याच्या नसेचा एकही नाही, पाच महिन्यांत एकही नाही. आणि दातवाल्या सगळ्यांची उत्तरं जशीच्या तशी एकच आहेत.

मी उसळले. म्हटलं, एक दिवस सकाळी या खिडकीत बसून बघा, मग शेकडा किती ते मला सांगा. गठ्ठ्याखालून त्यांनी तीन फॉर्म काढले आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी मांडले. एकच माणूस, तीन वेळा दात काढलेला, तीन वेळा दुखणं परत आलेलं. याला आजच्या आज फोन करून बोलवून घ्या, म्हणाल्या.

"बोलवायचं कशाला, वरच आहे. दात काढायला बसलाय. माझा भाऊ आहे तो."

बाईंनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि फॉर्मवरचे प्रश्न मला विचारायला सुरुवात केली.

"रात्री ठणकतं म्हणून जागे असतात?"

फॉर्मवर माझ्या हातचं 'हो' होतं. पण भावजय गेल्याच महिन्यात म्हणाली होती की झोप तेवढी सुखाची लागते त्याला, दिवसा मात्र हसायला सुद्धा घाबरतो. मी म्हटलं, "नाही."

"इथे हो लिहिलंय."

मी ते 'हो' बोटाने झाकलं.

"कळ किती वेळ टिकते?"

रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. घास तोंडाशी नेता नेता मधेच थांबला, डोळे गच्च मिटले, हात गालापर्यंत नेला पण लावला नाही. मी त्याच्यासाठी पेला भरेपर्यंत सगळं संपलेलंही होतं. तरी मी त्याला म्हटलं होतं की नाटकं कमी कर. "थोडाच वेळ," मी बाईंना सांगितलं. "काही सेकंद."

"कशाने सुरू होते? वाऱ्याने? दाढी करताना?"

दोन महिने पिपाणी उजवा गाल तासतो आणि डाव्या गालाची दाढी तशीच ठेवतो. आम्ही सगळ्यांनी त्याची काय टर उडवली होती, कलावंत झाला, अर्धी दाढी ठेवायला लागला. त्याच रविवारी त्याने पंखा बंद करायला सांगितला, तर तुझ्या एकट्याच्या लाडासाठी आम्ही घामाने भिजायचं का, असं मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं. यातली प्रत्येक गोष्ट मला माहीत होती. मी फक्त कधी तिच्यावरून त्याला काही विचारलं नव्हतं.

टक्केबाई उठल्याच. "दात नाहीये हा. नसेचं दुखणं आहे. हे दातातच दुखतंय असं वाटतं, पण दात चांगला असतो."

मी दात काढायच्या खोलीत फोन लावला. तो वाजत राहिला. काम चालू असलं की तिथे कुणी फोन उचलत नाही, बावीस वर्षांत कधीच कुणी उचललेला नाही. लिफ्ट वर अडकलेली. मी जिन्याने धावले. जिन्यावर सगळीकडे माणसं बसलेली, कुणाच्या पायावर पाय पडला ते कळलं नाही, शिव्या तेवढ्या ऐकू आल्या. माझे गुडघे दुसऱ्या मजल्यालाच बोलायला लागले. मनात एकच चाललं होतं की मी त्याला पहिला नंबर का दिला. पंचविसावा असता तर तो अजून बाकावर बसून मला नावं ठेवत असता.

त्या खोलीत सहा खुर्च्या आहेत आणि मधे हिरवे पडदे. पहिल्या पडद्याआड एक म्हातारी, दुसऱ्यात कुणीच नाही, तिसऱ्यात रक्ताने भरलेला बोळा आणि एक अनोळखी माणूस. पाचव्यात माझा पिपाणी होता. तोंड उघडं, डोक्यावर दिवा. दात काढायच्या विभागाचे मोठे डॉक्टर चिमटा हातात घेऊन वाकलेले. मी त्यांचं कोपर धरलं. या इमारतीत असं आजवर कुणी केलं नसेल.

डॉक्टर सरळ झाले. दात अजून जागेवर होता.

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं, तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"मी नातेवाईक म्हणून नाही आले, साहेब. खिडकीतली म्हणून आलेय."

मी कसंबसं सांगितलं की दात चांगला आहे, काढू नका. त्यांनी शांतपणे माझाच फॉर्म उचलून दाखवला. स्पष्ट लिहिलंय, थंड लागतं, रात्री ठणकतं, दाबलं की दुखतं. शिवाय रोगी स्वतः हाच दात दाखवतोय. इंजेक्शन दिल्यापासून पंधरा मिनिटं दुखणं पूर्ण थांबलंय, आणखी काय पाहिजे. त्यांचं काही चुकत नव्हतं. समोर आलेल्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

आता माझ्यापुढे एकच वाट होती. पिपाणी माझ्याकडे बघत होता. मोठे डॉक्टर, त्यांची मदतनीस आणि पहिल्या पडद्याआडची म्हातारी, सगळे ऐकत होते.

"तो कागद खोटा आहे," मी म्हटलं. "त्यातलं एक अक्षर मी त्याला विचारून लिहिलेलं नाही. आधीचे तीनही असेच लिहिलेत."

थुंकी ओढायची नळी तेवढी गुरगुरत होती. मदतनिसाने ती बंद केली. मला वाटलं, भाऊ आता शिवी देईल, आणि ती दिली असती तर बरं झालं असतं. त्याचा अर्धा चेहरा इंजेक्शनने सैल पडला होता, त्यामुळे त्याला काय वाटतंय ते मला वाचता येईना. मी, खिडकीतून माणसं वाचणारी.

मग तो बोलला, जड जिभेने, पण शब्द कळत होते. "काढा डॉक्टर. कित्येक दिवसांनी ही पंधरा मिनिटं शांत गेलीत. तू मधे पडू नकोस, ताई."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि दिवा पुन्हा जागेवर आणला. मी रडायला लागले. मला लाज वाटत नाही सांगायला. तेवढ्यात टक्केबाई धापा टाकत पडद्यातून आत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, थेट पिपाणीला विचारलं.

"आधीचे तीन दात काढले तेव्हाही इंजेक्शननंतर असंच शांत वाटलं होतं?"

त्याने आठवून मान हलवली. हो.

"तिन्ही वेळा? आणि तरी दुखणं परत आलं?"

मग त्याने छातीवरचा कागदी रुमाल स्वतःच ओढून काढला. बाई म्हणाल्या, इंजेक्शनने दात बधिर होतो तशी नसही बधिर होते, त्यावरून काहीच ठरत नाही. बधिरपणा उतरू द्या, मी तपासते, आणि दातच निघाला तर आजच काढा, मी स्वतः ट्रे धरून उभी राहते. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि अडीच तासांनी या म्हणाले.

ते अडीच तास आम्ही बाहेरच्या बाकावर काढले. तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या. खाली माझी खिडकी बंद, दीडशे माणसं माझ्या नावाने बोटं मोडत असतील, पण मी हलले नाही. बधिरपणा उतरायची त्याला भीती वाटत होती. सारखा ओठाला बोट लावून बघत होता. आणि मी बसल्या जागी देवाला विनवत होते की याला पुन्हा दुखू दे. गालातच दुखू दे, दातात नको. सख्ख्या भावाला दुखावं म्हणून नवस बोलणारी बहीण जगात मी एकटीच असेन. मधे एकदा मी पाणी आणून दिलं. त्याने घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पुन्हा खुर्चीत बसवल्यावर टक्केबाईंनी आधी एका धातूच्या काडीने पुढच्या दातावर ठोकलं. हळू, मग जोरात. टक टक आवाज मला लांबून ऐकू येत होता. काही नाही, पिपाणी म्हणाला. बर्फात बुडवलेला बोळा दातावर ठेवला. गार लागतंय, एवढंच म्हणाला. मोठे डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते. मग बाईंनी कापसाची एक बारीक वात केली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि ती वात नाकपुडीच्या शेजारी गालाला नुसती टेकवली.

त्याने खुर्चीचे हात धरले आणि टाचा पायाखालच्या पट्टीवर आपटल्या. तोंडातून आवाज निघाला नाही, डोळ्यांतून पाणी मात्र घळघळा वाहिलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. नऊ सेकंद. मग ते गेलं आणि तो धापा टाकत राहिला. चार महिने तो हेच आमच्यासमोर, जेवताना, हसताना, तोंड धुताना सोसत होता आणि मी त्याला नाटकी म्हणत होते.

मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे काढले. "दात ठीक आहे," म्हणाले, आणि पुढच्या पडद्याआड गेले.

नसेच्या दुखण्यावर गोळ्या असतात. त्या त्याच दिवशी सुरू झाल्या. मी माझ्या हाताने सगळं लिहून वरिष्ठांना दिलं. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. तोपर्यंत मला एक काम लावून दिलंय. रोज दुपारी त्या सहाशे लोकांना फोन करायचे आणि अकरा प्रश्न आता विचारायचे. एक गृहस्थ म्हणाले, बाई, विचारायला तुम्हाला पाच महिने लागले. मी म्हटलं, हो, लागले. निम्म्यांच्या वर फोन झालेत आणि दातवाले शेकडा पासष्टवर आलेत. जबड्याच्या सांध्याचे खूप निघाले, त्यातले कितीतरी जण उगाच दात कोरून आणि भरून घेऊन गेले होते. नसेचे आजवर तीन सापडले. चारशे माणसांत तीन. टक्केबाई म्हणतात, हे इतकं थोडं असतं म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यातला एक माझा भाऊ आहे.

त्या गुरुवारच्या पुढच्या आठवड्यात, शनिवारी तो खिडकीशी आला. रांगेत उभा राहून, आपल्या नंबराने. दोन्ही गाल गुळगुळीत केलेले. गोळ्यांनी जरा गरगरतं, म्हणाला, पण मंगळवारपासून एकही कळ आली नाही. काल अर्धा तास वाजवलं. मला इतका आनंद झाला की मी खिडकीच्या फटीतून हात घालून त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला.

"म्हणजे आधीचे तिन्ही दात चांगले होते."

त्याने विचारलं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं. "चांगले होते."

"दुखत होतं तोवर तुझा राग यायला मला सवड नव्हती, ताई," तो म्हणाला. "आता येतोय. रोज थोडा जास्तच येतोय."

मागच्या माणसाने घाई करायला सुरुवात केली होती. क्षमा मागायची म्हणून मी आठवडाभर वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तशीच ठेवली. मी म्हटलं, येऊ दे. त्याने मान हलवली, चिठ्ठी घेतली आणि टक्केबाईंच्या खोलीकडे जायला जिना चढू लागला.